घरचा डीप फ्रायर: तेलाचा चिकटा सोडवायची रीत

फराळाच्या ऑर्डरी घरून घेणाऱ्यांकडे, आणि आता चार माणसांच्या साध्या घरातही, कढईच्या जोडीला विजेवर चालणारा छोटा डीप फ्रायर दिसू लागला आहे. तापमान ठरवून ठेवता येतं, आचेशी झुंजावं लागत नाही, चकलीचा प्रत्येक घाणा एकाच रंगाचा निघतो. त्रास सुरू होतो तो नंतर. थोडे दिवस वापर झाला की भांड्याच्या आत, तेलाच्या पातळीच्या जरा वर, पिवळट तपकिरी पट्टा धरतो. बोटाला तो चिकट लागतो, पण साबणाने धुतला तरी जागचा हलत नाही. मग हातात तारेची घासणी येते, आणि भांडं खराब व्हायला तिथून सुरुवात होते.

पहिल्यांदाच फ्रायर साफ करायला बसलेल्यांनी एक गोष्ट आधी पक्की करावी. हा थर जोर लावून निघत नाही. गरम पाणी, सोडा आणि वेळ या तिघांनी तो सुटतो. हात चालवायचं काम अगदी शेवटी आणि अगदी थोडं असतं. पुढची सगळी रीत याच्यावर उभी आहे.

हा चिकटा आहे तरी काय

फ्रायरमध्ये तीन प्रकारची घाण असते आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिली म्हणजे पातळ, ताजं तेल. ते कागदाने पुसलं जातं, उरलेलं भांड्यांच्या साबणाने जातं. दुसरी म्हणजे तळाशी बसलेला जळका चुरा. भज्यांमधून सुटलेले बेसनाचे थेंब, पुऱ्यांचं कोरडं पीठ, शंकरपाळ्यांची किंवा अनारशांची साखर आणि गूळ. बेसन आणि पीठ पाण्यात भिजलं की मऊ होतं. साखर जळून तळाला घट्ट बसलेली असली तरी गरम पाण्यात तासभर ठेवल्यावर बरीच सुटते.

तिसरी घाण म्हणजे तो चिवट पट्टा. तेल तापतं आणि त्याला हवा लागते, तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठमोठ्या साखळ्या तयार होतात. जवसाच्या तेलातला रंग भिंतीवर किंवा कॅनव्हासवर वाळून कडक होतो, तो याच क्रियेमुळे. भांड्याच्या कडेवर तेलाचा फक्त पातळ ओलावा राहतो. त्याला उष्णता मिळते आणि हवाही भरपूर मिळते, म्हणून पट्टा नेमका पातळीच्या वर धरतो, तेलाखाली नाही. सूर्यफूल, सोयाबीन आणि आपल्याकडचं नेहमीचं करडईचं तेल असा थर लवकर धरतं. शेंगदाण्याचं तेल त्या मानाने उशिरा धरतं.

साबण या थरापुढे हतबल होतो, कारण साबणाचं काम सुट्या तेलाला पाण्यात मिसळायचं आहे आणि हे तेल आता सुटं राहिलेलंच नसतं. त्याला तोडायला अल्कली लागते. पूर्वी तेलकट भांडी चुलीतल्या राखेने घासत, त्यामागे हेच कारण होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि ते तेलाचं रूपांतर साबणात करतं. आज आपल्याकडे दोन सोडे आहेत. खायचा सोडा सौम्य असतो, धुण्याचा सोडा त्याच्यापेक्षा बराच जहाल. पाणी उकळलं की खायच्या सोड्यातून वायू निघून जातो आणि त्याचा मोठा भाग हळूहळू धुण्याच्या सोड्यात बदलतो. म्हणूनच गार पाण्यात मूठभर खायचा सोडा टाकून फारसं काही होत नाही, आणि तोच उकळला की काम करतो.

आधी धातू ओळखा

ही पायरी कुणी करत नाही आणि भांडी वाया जातात ती इथेच. फ्रायरचं आतलं भांडं स्टीलचं असेल तर दोन्ही सोडे चालतात. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर धुण्याचा सोडा अजिबात नको. अल्कली अ‍ॅल्युमिनियमला खाते, भांडं काळवंडतं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. खायचा सोडाही त्यात फार वेळ उकळू नये. आतून नॉनस्टिक लेप असेल तर खायचा सोडा, भांड्यांचा साबण आणि मऊ स्पंज एवढंच वापरायचं.

ओळखायचं कसं? लोहचुंबक चिकटलं तर ते अ‍ॅल्युमिनियम नक्की नाही. नाही चिकटलं तर मात्र निकाल लागत नाही, कारण चांगल्या प्रतीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. मग रंग आणि वजन पाहा. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि मंद राखाडी दिसतं, स्टील जड आणि चकचकीत असतं. तरी शंका राहिली तर खायच्या सोड्यावरच थांबा. वेळ जास्त लागेल, पण भांडं शाबूत राहील.

आणखी एक पाहून ठेवा. काही फ्रायरमध्ये तापणारी कॉइल बटणांच्या डब्यासकट वर उचलून काढता येते आणि आतलं भांडं मोकळं होतं. हा प्रकार साफ करायला फार सोयीचा. काहींमध्ये कॉइल तळाखाली लपलेली असते आणि भांडं बाहेर निघत नाही. असा फ्रायर नळाखाली धरायचा नाही, बादलीत बुडवायचा तर मुळीच नाही. नवीन घ्यायचा विचार असेल तर पहिलाच प्रकार घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

तेल काढणं

प्लग काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही. तेल किमान दोन तास निवू द्या, कारण तेल उष्णता फार वेळ धरून ठेवतं आणि वरून शांत दिसणारं तेलही हात भाजू शकतं. अगदी गार होईपर्यंत मात्र थांबू नका. कोमट तेल पातळ असतं, पटकन ओतलं जातं आणि भांड्याला कमी चिकटून राहतं. वनस्पती तुपात तळलं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ते थिजतं. खोबरेल तेल साधारण 24-25 अंशांखाली गोठतं, म्हणजे कोकणातल्या थंडीच्या पहाटेसुद्धा फ्रायरमध्ये त्याची वडी झालेली सापडू शकते.

तेल पुन्हा वापरायचं असेल तर चहाच्या गाळणीवर मलमलचं फडकं किंवा जुन्या पंचाचा तुकडा घालून गाळा. फडकं पूर्ण कोरडं हवं. तळातला शेवटचा गढूळ पेलाभर भाग त्यात घेऊ नका. तो जळका चुराच पुढच्या वेळी तेलाला कडू वास आणतो.

मग लाकडी उलथन्याने तळातला गाळ एका बाजूला ओढा, कागदावर काढा, आणि वर्तमानपत्राच्या रद्दीने किंवा टिश्यूने भांडं आतून कोरडं पुसा. नवखे लोक ही पायरी सोडतात आणि थेट पाणी ओततात. तसं केलं की आत उरलेलं सगळं तेल पाण्यावर तरंगतं आणि पाणी काढताना पुन्हा कडांनाच चिकटतं. पुसायला कागद कमी पडला तर थोडं जुनं बेसन किंवा कणीक भुरभुरवा, ते तेल पिऊन घेतं आणि गोळा होऊन निघतं.

उकळणं आणि भिजवणं

यंत्राची पुस्तिका एकदा चाळा. फ्रायरमध्ये पाणी तापवायला तिथे मनाई असेल तर गॅसवर उकळलेलं पाणी आत ओता, झाकण लावा आणि तासभर ठेवा. मनाई नसेल तर पुढे चला.

आत गरम पाणी भरा. भांड्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. पाणी वरच्या खुणेच्या दोन बोटं खाली ठेवा, आणि खालच्या खुणेच्या खाली कधीच जाऊ देऊ नका. कॉइल पाण्याबाहेर उघडी राहून तापली तर जळते.

दर लिटर पाण्याला दोन मोठे चमचे खायचा सोडा घ्या. स्टीलचं भांडं असेल आणि थर जुना असेल तर त्याऐवजी एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, पण मग हातात रबरी मोजे हवेतच. सोडा पाणी उकळायच्या आधी, थोडा थोडा टाका. उकळत्या पाण्यात एकदम टाकला तर फसफसून वर येतो. भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब पुरेत. जास्त घातला तर फेस ओट्यावर येईल आणि बटणांच्या खाचांत जाईल. जाळीची टोपली स्टीलची असेल तर तीही आतच सोडा.

आता तापमान सगळ्यात कमी खुणेवर ठेवून सुरू करा, आणि तिथेच उभे राहा. हे आवर्जून सांगतो आहे, कारण डीप फ्रायरची सगळ्यात कमी खूणसुद्धा बहुधा 130 ते 150 अंशांची असते. पाणी 100 अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे यंत्राला वाटतं अजून तापायचंच आहे आणि ते कधीच आपोआप बंद होत नाही. पाणी आटत राहतं. म्हणून बुडबुडे आले की तुम्हीच बंद करा, शांत झालं की परत सुरू करा. असं दहा मिनिटं पुरे. मग प्लग काढा आणि अर्धा ते एक तास झाकून ठेवा. थर बरीच वर्षं जुना असेल आणि भांडं स्टीलचं असेल तर रात्रभर ठेवलं तरी चालतं.

पाणी काळपट तपकिरी होईल आणि वर तवंग येईल. ते निवलं की ओगराळ्याने उपसा, किंवा बटणांच्या विरुद्ध कोपऱ्यातून ओता. मोरीच्या जाळीवर गाळणं ठेवा.

मऊ झालेला थर आता प्लॅस्टिकच्या उलथन्याने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने खरवडा. पापुद्र्यासारखा निघायला हवा. उरलेल्या जागी खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाट लगदा करा, लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि नारळाच्या काथ्याने किंवा नायलॉनच्या घासणीने फिरवा. तरी काही राहिलं तर उकळण्याची पायरी पुन्हा करा. जोर वाढवू नका. दोन वेळा भिजवलेलं भांडं वर्षानुवर्षं टिकतं, एकदा तारेने घासलेल्या स्टीलवर ओरखडे पडतात आणि पुढचा चिकटा त्याच ओरखड्यांत आणखी घट्ट बसतो. शिवाय तारेचे बारीक कण स्टीलमध्ये रुतून गंजतात.

व्हिनेगर कधी

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायचे प्रयोग सगळीकडे दाखवतात. फेस छान येतो, पण त्यात सोडा व्हिनेगरला मारतो आणि व्हिनेगर सोड्याला. उरतं ते जवळजवळ निरुपयोगी खारं पाणी. व्हिनेगरची जागा शेवटी आहे. भांडं साध्या पाण्याने दोनदा विसळून झालं की लिटरभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर किंवा एका लिंबाचा रस घालून ते आत फिरवा, दोन मिनिटं ठेवा, आणि परत साध्या पाण्याने धुवा. उरलासुरला सोडा आणि साबण त्याने संपतो. ही चैन नाही. भांड्यात साबणाचा अंश राहिला तर नवं तेल फेसाळतं आणि लवकर खराब होतं.

कॉइल, झाकण, टोपली

कॉइल पाण्यात बुडवायची नाही, निदान बटणांचा डबा असलेला वरचा भाग तरी नाही. सोड्याच्या गरम पाण्यात फडकं भिजवून पिळा, गार आणि प्लग काढलेल्या कॉइलभोवती गुंडाळा, वीस मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर लावू नका. कॉइलशेजारी एक बारीक धातूची नळी असते, ती तापमान ओळखते. ती वाकली तर तेल किती तापलं ते यंत्राला नीट कळणार नाही, म्हणून तिला फक्त हलक्या हाताने पुसायचं.

झाकणात वाफेसाठी फिल्टर असतो. धातूची जाळी असेल तर सोड्याच्या पाण्यात भिजवून धुता येते. काळ्या कोळशाचा असेल तर धुऊ नका, बदला. टोपलीची घाण मुठीच्या सांध्यात लपते, तिथे टूथब्रश चालवा. बाहेरच्या अंगावर ओलसर फडकं आणि साबण पुरे. फवारणी थेट यंत्रावर करू नका, फडक्यावर करा.

वाळवणं

इथे घाई नको. एक भाग पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळा-सतराशे पट जागा व्यापते. गरम तेलाखाली पाण्याचा छोटा साठा राहिला तर तो तेल उडवतो. भांडं कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याखाली उघडं ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीच तेल भरा. तेल सोडायची तोटी असेल तर तिच्यातलं पाणी आठवणीने काढा, कारण ते बाहेरून दिसत नाही. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा जास्त वेळ द्या. आषाढ तळायची पद्धत अनेक घरांत आहे, कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या होतात, आणि पुढे नागपंचमीला तळण बंद असतं. तेवढे दिवस फ्रायर तसाच तेलकट पडून राहतो आणि चिकटा पक्का होतो. आषाढातलं शेवटचं तळण झालं की त्याच आठवड्यात ही सफाई उरकावी.

काढलेल्या तेलाचं काय

तेल गडद झालं, जरा तापलं की धूर देऊ लागलं, घाणा टाकल्यावर फेस विरत नसला, किंवा वास खवट आला, तर ते पुन्हा वापरू नये. तळताना तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल किती बिघडलं ते दाखवणारे घटक, वाढत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवली आहे आणि ती 1 जुलै 2018 पासून लागू आहे. त्याच वर्षी प्राधिकरणाने वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्यासाठी ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना तेलाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. घरी नोंदींची गरज नाही, पण फराळ विकत असाल तर तेल कधी बदललं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची सवय लावा. तुमच्या हातचं खाणाऱ्यांसाठी एवढं तरी करायलाच हवं.

तेल मोरीत ओतू नका. नळीत ते थिजतं, त्याला अन्नाचे कण चिकटतात आणि तुंबतं, बहुधा खालच्या मजल्यावरच्या घरात. तेल प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावा, आणि शहरात वापरलेलं तेल गोळा करणारे असतील तर त्यांना द्या. थोडंच असेल तर रद्दीत किंवा लाकडाच्या भुशात जिरवून कचऱ्यात टाका.

फ्रायर नाही, कढईच आहे

तरी तत्त्व तेच, धातूचा नियम मात्र आणखी कडक. स्टीलच्या कढईला धुण्याचा सोडा चालतो. बुडाला काळं कीट असेल तर मोठ्या पातेल्यात सोड्याचं पाणी उकळून कढई त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या आणि हिंडालियमच्या कढईला चिंच किंवा आमसुलाचं पाणी उकळून काळेपणा घालवा, तेलकटपणासाठी साबण आणि गरम पाणी.

लोखंडी आणि बिडाच्या कढईची गोष्ट निराळी. तिच्यावरचा पातळ, गुळगुळीत काळा थर हाही जोडला गेलेला तेलाचाच थर आहे, पण तो आपल्याला हवा असतो. त्यानेच पदार्थ चिकटत नाही आणि गंज धरत नाही. सोड्यात उकळली तर तो निघून जाईल. फक्त चिकट, जाड, गोळ्यांसारखा भाग जाड मीठ आणि कागद घेऊन घासा, गरम पाण्याने धुवा, लगेच आचेवर कोरडी करा आणि तेलाचं बोट फिरवा.

एअर फ्रायरच्या टोपलीला बहुधा नॉनस्टिक लेप असतो. गरम पाणी, साबण, खायचा सोडा, अर्धा तास. त्यापुढे काही नको. चिमणीची जाळी पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची असते, तिलाही धुण्याचा सोडा लावू नका.

किती दिवसांनी

तळून झाल्यावर दर वेळी तेल गाळणं आणि कडा कोमट असतानाच कागदाने पुसणं, एवढं केलं तर चिकटा धरायला फार वेळ लागतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते सगळ्या उपायांत हाच मोठा. उकळण्याची सफाई तेल बदलाल तेव्हा करा. घरात महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी तळण होत असेल तर तेल फ्रायरमध्ये ठेवू नका, गाळून काचेच्या बरणीत अंधाऱ्या जागी ठेवा.

सफाईनंतर पहिल्यांदा तेल भराल तेव्हा ते 120-130 अंशांपर्यंतच तापवा आणि पाच मिनिटं पाहा. फ्रायरची सगळ्यात कमी खूण त्याहून वर असेल तर सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांनी स्वतःच बंद करा आणि लांबून नजर ठेवा. बारीक तडतड ऐकू आली तर कुठेतरी पाणी राहिलं आहे. यंत्र बंद करा, प्लग काढा, तेल निवल्यावर गाळून घ्या आणि भांडं पुन्हा वाळवा. आवाज नसेल तर तापमान वाढवून पहिला घाणा सोडा. यंत्र अजिबात तापतच नसेल तर बिघडलं असं लगेच समजू नका. अनेक फ्रायरना मागच्या बाजूला जास्त तापल्यावर वीज तोडणारं एक छोटं बटण असतं. सफाईच्या वेळी पाणी आटलं असेल तर ते पडलेलं असू शकतं. प्लग काढून, यंत्र गार असताना ते टोकदार काडीने दाबा आणि परत सुरू करून पाहा.